माशाला चिडवण्याची तयारी

भुकेला मासा पकडायला फारशी अक्कल लागत नाही. गरीला गांडूळ लावायचं, पाण्यात सोडायचं आणि सुपारी चघळत बसायचं. पण ज्याला भूकच नाही, निदान आपल्याकडे आहे त्यातल्या कशाचीच नाही, त्याने तोंड उघडावं अशी इच्छा असेल तर माणसाला योजना आखावी लागते. आणि एकदा आखायला बसलं की तिला अंत नसतो. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी आमच्या गॅरेजमध्ये मे महिन्यापासून गाडीला जागा उरत नाही, ती अशाच एका माशापायी. त्याचं नाव कोकनी.

(नावावरून कोकणाशी नातं जोडणारे सगळे विनोद आमच्या महाराष्ट्र मंडळात करून संपलेत. नाव तिकडच्या मूळ रहिवाशांच्या सेलिश भाषांमधून आलेलं आहे. पुढे चला.)

कोकनी हा सॉकाय सॅमनचा घरकोंबडा भाऊ. सॉकाय गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून येतो. त्याच्या या प्रवासावर माहितीपट निघतात. कोकनी तीच जात, शास्त्रीय नावसुद्धा तेच, पण हा समुद्राचं तोंड न पाहता तलावातच तीन-चार वर्षं काढतो. खातो काय, तर मुख्यतः डॅफ्निया. म्हणजे पाण्यात झटके देत तरंगणारा, पिसवेएवढा जीव. कल्ल्यांतल्या दाट काट्यांच्या चाळणीत हे जीव अडकवायचे आणि गिळायचे, असा त्याचा दिनक्रम. डॅफ्निया काही गरीला लावता येत नाही. मग करायचं काय?

कोकनीच्या नादी लागलेले लोक सांगतात, हा मासा भुकेने लागत नाही, वैतागाने लागतो. समोरून काहीतरी गुलाबी, चकचकीत, वळवळणारं सारखं जात राहिलं की त्याचं डोकं फिरतं आणि तो चावा घेतो. खरं-खोटं तो मासा जाणे. पण दुकानातलं झाडून सगळं सामान याच सिद्धान्तावर विकलं जातं.

माझे सासरे वेंगुर्ल्याचे. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. गरवायला जाण्यात त्यांचं बालपण गेलेलं, त्यामुळे हा सिद्धान्त मी त्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भूक नाय, तर तो गरीक लागतलो कित्याक?"

"रागाने, बाबा."

"रागान?" ते लेकीकडे वळले. "गो, ह्ये काय सांगतत?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे मासा ताटात आल्यावरच भेटायचा, तोही क्वचित. तेव्हा माशांच्या बाबतीत माझ्या शब्दाला घरात वजन नाही, हे ओघानेच आलं.

आता रेनबो ट्राउट. हा स्वभावाने अगदी उलट. किडे, गांडुळं, चीज, मार्शमॅलो, पॉवरबेट नावाचा भडक रंगाचा लगदा, जे द्याल ते गोड मानून घेतो. मूळचा प्रशांत महासागराच्या काठच्या नद्यांमधला. १८७०च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर याची अंडी काढायला सुरुवात झाली. पुढे कॅलिफोर्नियाचा हा मासा जगभर गेला. १८८०च्या दशकात न्यूझीलंडला पोचला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत. आपली माणसं कुलू-मनालीला सहलीला जाऊन "इथली ट्राउट खाल्लीच पाहिजे" म्हणून जी खातात, ती बहुधा हीच. महाराष्ट्रात मात्र तो आला नाही. आपल्या पाण्याला तो थंडावाच नाही. कॅलिफोर्नियात सरकार हा मासा टँकरने आणून तलावात सोडतं, आणि सिएराच्या उंच डोंगरांत, जिथे रस्ता नाही, तिथे त्याची पिल्लं चक्क विमानातून पाण्यात ओततात. आभाळातून पडून जो जगतो तो खाण्यापिण्यात कशाला नखरे करेल?

तर एक मासा असा आणि दुसरा तसा, आणि दोन्ही एकाच तलावात. आम्ही निवडला होता स्टॅम्पीड. ट्रकी गावाच्या उत्तरेला, सिएरा नेवाडाच्या माथ्यापलीकडे, जवळजवळ सहा हजार फुटांवर. लिटल ट्रकी नदीवरचं हे धरण १९७०चं. त्याची एक गंमत आहे. इथलं पाणी प्रामुख्याने माणसांसाठी राखलेलं नाही. खाली नेवाडातल्या पिरॅमिड लेकमध्ये कुई-उई नावाचा दुर्मीळ मासा आहे, त्याला वेळेवर पाणी मिळावं म्हणून ते सोडलं जातं. न्यायालयानेच १९८०च्या दशकात तशी मोहोर उठवली. एका माशाच्या हक्काच्या पाण्यात आपण दुसऱ्या माशाला त्रास द्यायला जायचं, म्हणजे निदान नम्रपणे तरी जावं.

उन्हाळ्यात असा तलाव दुमजली होतो. वर कोमट पाणी, खाली गार. कोकनीला १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी लागतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तो साठ-सत्तर फुटांवर, कधी त्याहून खाली जाऊन राहतो. रेनबो जरा वरच्या पाण्यात निभावून नेतो आणि पहाटे तर अगदी पृष्ठभागाशी येतो. दुपारी बाराच्या सुमारास सिएरातल्या तलावांवर वारा सुटतो आणि छोट्या बोटीत बसवत नाही. म्हणजे उजाडता उजाडता पाण्यावर हवं. म्हणजे घरून रात्री दीडला निघायला हवं. म्हणजे डबे आदल्या संध्याकाळी भरायला हवेत. योजना अशी शेपटाकडून तोंडाकडे वाढत जाते.

बोट माझ्या मित्राची. तो भंडाऱ्याचा. त्या जिल्ह्यात गावागणिक तलाव, त्यामुळे गोड्या पाण्याबद्दल दुसऱ्या कोणी काही बोललेलं त्याला खपत नाही. सासऱ्यांना समुद्राबाहेर मासा असतो हेच मान्य नाही. दोघांची पहिली भेट आमच्या गॅरेजमध्ये झाली.

"गोड्या पाण्याचो मासो तो," सासरे म्हणाले. "चिखलाचो वास येतलो."

"आमच्याकडचा मरळ खाऊन पाहा काकाजी, मंग बोला."

त्यानंतर दोघंही तासभर सामानाच्या पेटीत डोकं घालून बसले. माशांवरून भांडणाऱ्या माणसांची मैत्री लवकर होते. क्रिकेटवरून भांडणाऱ्यांची होत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

पेटीतलं सामान सांगण्यासारखं आहे. सगळ्यांत पुढे डॉजर. चार-पाच इंच लांबीचा, किंचित वाकवलेला धातूचा पत्रा, पाण्यातून ओढला की डावी-उजवीकडे हेलकावे खात चमकतो. त्याच्या मागे वीतभर दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला हूची, म्हणजे करंगळीएवढा प्लॅस्टिकचा माकूल, गुलाबी नाहीतर नारिंगी. हूचीला स्वतःची काही हालचाल नाही. डॉजर डुलला की तीही डुलते. दोरा लांब ठेवला तर ती नुसती मागोमाग जाते, आखूड ठेवला तर झटके खाते, आणि चिडवायचं तर झटके हवेत. आठ इंच की बारा इंच यावर लोक गंभीर चेहऱ्याने वाद घालतात. सासऱ्यांनी हूची चिमटीत धरून उजेडात फिरवून पाहिली. "म्हाकुल बरो केलो हा," असा त्यांनी निर्वाळा दिला, आणि मग, "पण गुलाबी कित्याक?" याला उत्तर नव्हतं. कोकनीसाठी गुलाबी लागतं, एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

याहून अवघड प्रकरण मक्याचं. हूचीच्या गरीवर मक्याचा एक दाणा टोचतात. तोही आपला पिवळा चालत नाही. शूपेग नावाचा, डब्यात मिळणारा, पांढरा आणि बारीक दाण्याचा. पिसवा खाणाऱ्या माशाला मक्याचं काय कौतुक, असं विचारू नये. तो दाणा वासासाठी असतो. कोणी त्यात लसणाचा अर्क घालतो, कोणी बडीशेपेचा, कोणी ट्यूनाचं तेल, कोणी क्रिलची भुकटी, आणि वर गुलाबी रंग. प्रत्येकाचं गणित वेगळं आणि गुप्त. आमच्या फ्रिजमध्ये सोलकढीच्या बाटलीशेजारी बरोबर त्याच रंगाची मक्याची बरणी आठवडाभर उभी होती. बायकोने तिच्यावर चिठ्ठी लावली: "माशांचं आहे. हात लावू नये." सासऱ्यांनी अर्थातच लावला. झाकण उघडून वास घेतला, थोडा विचार केला, आणि म्हणाले, "लसूण कमी पडली हा." आयुष्यभर मासे रांधायला मसाला वाटलेल्या माणसाने, मासा पकडायला केलेल्या मसाल्याबद्दल दिलेलं हे मत होतं. आम्ही लसूण वाढवली.

मग डाउनरिगर. बोटीच्या काठावर पोलादी तारेचं रीळ, तारेच्या टोकाला चारेक किलोचा शिशाचा गोळा. गळाचा दोरा तारेला चिमट्याने अडकवायचा आणि गोळा मोजून खाली सोडायचा. साठ फूट म्हणजे साठ फूट. फिश फाइंडरच्या पडद्यावर माशांच्या कमानी ज्या खोलीला दिसतील तिथे, किंबहुना त्यांच्या जरा वरच, कारण कोकनी वर बघतो. बोटीचा वेग ताशी सव्वा मैल ठेवायचा. चालत गेलं तरी आपण पुढे निघून जाऊ असा हा वेग. बोट सरळ न नेता नागमोडी न्यायची, म्हणजे वळणावर आतल्या बाजूचा डॉजर मंदावतो आणि बाहेरचा जोरात पळतो, आणि यातलं काय त्याला जास्त झोंबतं ते कळतं.

कागदपत्रं मी थोडक्यात उरकतो. सोळा वर्षांपुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो, वर्षाचा साठ डॉलरच्या वर. पाहुण्यांना एका दिवसाचाही मिळतो. दोन रॉड वापरायचे तर त्याचा जास्तीचा शिक्का वेगळा. खरी कटकट बोटीची. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकटनच्या बंदरात गोल्डन मसल हा परदेशी शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. तेव्हापासून कॅलिफोर्नियातले तलाव बोटींकडे संशयाने बघतात. कुठे तपासणी, कुठे गरम पाण्याने धुणं, कुठे तीस दिवसांचं विलगीकरण. मित्राची बोट अंगणात तीस दिवस कोरडी उभी राहिली. तिच्या तळाचं बूच काढून ठेवलेलं, आणि ते बूच कुठे ठेवलं याची योजना वेगळी.

बायको हे सगळं शांतपणे बघत होती. ती फार बोलत नाही, हिशेब करते. परवाने, पेट्रोल, मका, अर्क, डॉजर अशी बेरीज तिने केली, माणशी दिवसाला पाच कोकनींची मर्यादा धरून तिला भागलं आणि विचारलं, "हा मासा किलोला काय भावाने पडला?" नेहमीचा कोकनी बारा-पंधरा इंचांचा, अर्ध्या किलोच्या आसपास. ऑरेगॉनच्या वॉलोवा लेकमध्ये २०१० साली साडेनऊ पौंडांहून मोठा मिळाला होता, तो जागतिक विक्रम. एरवी याचा आकार ठरतो तो तलावातल्या गर्दीवर. मासे कमी तर प्रत्येकाला डॅफ्निया भरपूर, आणि मासा मोठा. मासे वाढले की सगळेच लहान. मुंबईत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

योजनेवरून आठवलं. आमच्या गॅरेजातल्या योजनांना लोक हसतात, पण पदवीधर माणसांनी कार्यालयात बसून आखलेल्या योजनाही ऐकाव्यात. टाहो लेकमध्ये कोकनी आला तो १९४४ साली, काठावरच्या मत्स्यकेंद्रातून चुकून निसटून. कोणी आणला नाही, कोणी ठरवलं नाही, आणि तो मजेत रुळला. मग १९६३ ते १९६५ या काळात टाहोतल्या माशांना जास्त खाणं मिळावं म्हणून विचारपूर्वक मायसिस नावाची बारीक कोळंबी तलावात सोडली. ही कोळंबी दिवसा खोल अंधारात बसते आणि रात्री वर येते. कोकनी उजेडात, डोळ्यांनी बघून खाणारा. त्यामुळे तिची आणि त्याची गाठच पडली नाही. ती मात्र रात्री वर येऊन त्याचा डॅफ्निया फस्त करून जाऊ लागली. काही वर्षांतच टाहोतला डॅफ्निया जवळजवळ नाहीसा झाला.

माँटानातल्या फ्लॅटहेड लेकची गोष्ट याहून वाईट. तिथे वरच्या अंगाच्या तलावांत सोडलेली मायसिस वाहत खाली आली आणि १९८०च्या दशकात कोकनी संपला. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या मॅकडॉनल्ड क्रीकवर दर शरद ऋतूत हे मासे खायला बॉल्ड ईगल जमायचे. १९८१ साली त्यांची संख्या ६००च्या वर होती, १९८९ साली २५च्या आसपास. ती गर्दी बघायला येणारे प्रवासीही मग थांबले. माशाला मेजवानी द्यायला निघालेल्या योजनेने गरुडांना देशोधडीला लावलं. त्या मानाने माशाला नुसतं चिडवायची आमची योजना बरीच निरुपद्रवी म्हणायची.

सहलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गेलो, वारा ठरल्या वेळेला सुटला, मासे मिळाले. रेनबोने पहाटेच, फारसं काही न विचारता, हजेरी लावली. कोकनीने वाट बघायला लावली. डाउनरिगरला जोडलेला रॉड दोऱ्याच्या ताणाने अर्धवर्तुळात वाकलेला असतो. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो आणि तो वाकलेला रॉड एकदम ताठ उभा राहतो. म्हणजे इतर ठिकाणी रॉड वाकला की मासा, इथे सरळ झाला की मासा. त्यानंतरचं अर्धं मिनिट महत्त्वाचं. कोकनीचं तोंड कागदासारखं नाजूक. जोराने ओढलं की फाटतं आणि मासा जातो. ढिलं सोडलं तरी जातो. तो पाण्यात लोळतो, उसळतो, बोटीखाली घुसतो. मित्र ओरडत होता, "हळू बे, हळू!" सासऱ्यांनी मात्र रॉड हातात घेतला आणि दोरा बोटांवर घेतल्यासारखा शांतपणे आणला. पाण्याबाहेर आलेल्या माशाची पाठ निळसर, अंग चांदीचं, आणि खवले इतके सुटे की जाळी लागली तिथे बोटीभर चिकटले.

"चिडलेलो दिसता खरो," सासरे त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले.

घरी त्यांनी तो स्वतः साफ केला. आतून गडद नारिंगी मांस निघालं तेव्हा ते जरा थबकले. तिरफळं घातली, कोकम घातलं, नारळ वाटला. ताटावर बसल्यावर चिखलाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मित्रानेही मरळाचा काढला नाही.

त्यांची परतीची तारीख ऑक्टोबरमधली होती, म्हणून त्याआधी त्यांना टाहोच्या दक्षिण टोकाला टेलर क्रीकवर नेलं. हा माझ्या मते कोकनी बघायचा खरा काळ. चांदीचा मासा तोवर लालभडक झालेला असतो, डोकं हिरवं पडतं, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो आणि पाठीवर कुबड येतं. आता तो काहीच खात नाही. गुडघाभर पाण्यात शेकड्यांनी गर्दी करून हे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, अंडी घालतात आणि मरतात. तिथे ओढ्याच्या कडेला जमिनीखाली काचेच्या भिंतीची एक खोली आहे. त्या दिवशी ती उघडी होती. काचेपलीकडे हातभर अंतरावर एक मादी कुशीवर वळून शेपटीने खडे उडवत खळगा करत होती. खणून खणून तिच्या शेपटीची कड झिजून पांढरी झालेली. दोन नर तिच्यामागे एकमेकांना ढकलत होते.

सासरे बराच वेळ काचेपाशी उभे होते. "ही चढण," ते म्हणाले. कोकणात पहिला पाऊस पडला की ओढ्यातले मासे पाण्याच्या धारेवर चढून शेतापर्यंत येतात, पोटात अंडी घेऊन. लहानपणी रात्री चूड पेटवून ते मासे टोपलीने धरायला जायचे, तो सगळा वृत्तान्त त्यांनी गाडीत सांगितला. किती धरायचे, कसे धरायचे, अंड्यांची चव कशी लागायची. मग म्हणाले, "आता धरूक नको म्हणतत. बरोबरच आसा."

तुमचं कोणी कॅलिफोर्नियात असेल आणि तुम्ही त्या सुमारास तिकडे असाल, तर सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही टेलर क्रीकला जा. साउथ लेक टाहोपासून हायवे ८९ने काही मैलांवर आहे. मासे कमी-जास्त असतात. वरच्या फॉलन लीफ लेकमधून पाणी किती सोडलंय त्यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. रॉड नको, मका नको, परवाना लागत नाही. स्वेटर मात्र न्या. सहा हजार फुटांवर ऑक्टोबरची सकाळ चांगलीच गार असते.